पडीक शेते आणि ‘आळशी’ कोकणी शेतकरी

‘कोकणात एवढा पाऊस पडतो, तरी तिथला शेतकरी भाताचे एकच पीक काढतो, आठ महिने बसून खातो आणि मुंबईच्या पैशावर जगतो, म्हणूनच तो गरीब राहिला,’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. तो पुढे पाठवणाऱ्यांत आपले चाकरमानीही असतात, याचे अधिक वाईट वाटते.

पहिला मुद्दा पावसाचा. तो पडतो भरपूर, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही, सह्याद्रीपासून समुद्र जवळ आणि उतार तीव्र, त्यामुळे नद्या ते पाणी पाहता पाहता खाडीत नेतात. कोयनेची वीज तयार झाल्यावर वर्षाला सुमारे ६७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळते आणि त्याच चिपळूण तालुक्यातल्या डोंगरवाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जिथे पाटाचे किंवा बंधाऱ्याचे पाणी आहे, तिथे वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरचा दुसरा भात होतो, भाजीपाला होतो, कलिंगडेही होतात. भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ आणि पावटा तर पूर्वापार घेतला जातो.

दुसरा मुद्दा जमिनीचा, आणि माझ्या मते तोच मुळाशी आहे. येथील कुळांनी पिढ्यानपिढ्या खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, जमीन कसली. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे संप केला, बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, तरी खोती कायद्याने जायला १९४९ साल उजाडले. त्यानंतर हाती आले ते तुकडे. आज वीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस वारसांची नावे असणे नवलाचे नाही. त्यांतले निम्मे मुंबई-ठाण्यात, काहींचा पत्ताच नाही. विहीर खोदायची, कर्ज काढायचे, तर सर्वांची संमती आणायची कोठून?

‘बसून खातो’ म्हणणाऱ्याने भाजावळीसाठी, म्हणजे भाताचे रोप पेरण्याआधी जमीन भाजण्यासाठी, डोंगरावरून कवळाचे (तोडलेल्या पाल्याफांद्यांचे) भारे उतरवणाऱ्या बाईमागे एक दिवस चालावे. लावणीला हीच बाई पावसापासून बचावाचे पानांचे इरले पाठीवर घेऊन दिवसभर चिखलात वाकलेली असते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२० हून अधिक स्त्रिया होत्या. शेतीचा भार कोणावर आहे, हे त्यावरून कळावे.

मुंबईच्या पैशाबद्दल एवढेच, की वीस गुंठ्यांचा भात घरालाच वर्षभर पुरत नाही, मग विकायचे काय? त्यात मजुरी, पॉवर टिलरचे भाडे, रानडुकरे आणि वानर. खर्च भाताच्या किमतीपेक्षा जास्त झाला की खाचर पडीक ठेवणे हा हिशेब असतो.

हा हिशेब जुळला तेव्हा काय घडले, तेही पाहावे. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, खड्डे खणण्यासाठी आणि कलमे जगवण्यासाठी अनुदान मिळू लागले, आणि याच शेतकऱ्यांनी वरकस, म्हणजे भाताला न चालणारे हलक्या जमिनीचे डोंगर आंबा-काजूच्या लागवडीखाली आणले. ज्यांचे क्षेत्र सामाईक होते, त्यांतल्या अनेकांना मात्र सर्व वारसांच्या संमतीअभावी अर्जाच्या पहिल्याच पायरीवर थांबावे लागले.