घरी बसलेल्या पोराला धीर कसा द्यावा

तुमच्या भावकीत किंवा सोसायटीत पंचवीस-सत्तावीस वर्षांचा एक मुलगा असणारच. कॉलेज सुटलेलं, नोकरी लागलेली नाही. त्याला आधाराची गरज आहे आणि तो देण्याची तळमळ तुम्हाला आहे. फक्त तो पद्धतशीर द्या.

सुरुवात प्रश्नाने करावी. "मग, सध्या काय चाललंय?" हा प्रश्न एकांतात विचारू नये, वाया जातो. बारसं, वास्तुशांत, कुणाचं तेरावं, जिथे पंगत बसली आहे आणि पोराच्या हातात आमटीची बादली आहे, तिथे विचारावा. तो "तयारी चालूय" म्हणेल. लगेच "कशाची?" म्हणायचं नाही. आधी नुसता एक "हं" सोडायचा. त्या "हं"चा अर्थ पोरांना बरोबर कळतो. चार वर्षांत एवढा एकच विषय त्यांचा पक्का झालेला असतो.

शिक्षणात नाही, नोकरीत नाही, प्रशिक्षणातही नाही, अशा तरुणांसाठी इंग्रजीत आद्याक्षरं जोडून एक शब्द केलाय, 'नीट'. १९९९ साली ब्रिटिश सरकारच्या एका अहवालापासून तो रूढ झाला. आपल्याकडे तर नीट बस, नीट वाच, नीट वाग हे बाप जन्मापासून सांगत आलाय. पोरगं एकदाचं नीट झालं, तर आता म्हणे प्रश्न गंभीर आहे.

पुढची पायरी, उदाहरण. अमक्याचा मुलगा तलाठी झाला, हे त्याला सांगाच. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. परीक्षा शुल्क खुल्या वर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. या पोरांना कुणाचा आधार आहे ते माहीत नाही, त्यांचा मात्र कुणाला तरी नक्कीच झाला. हा गुणाकार तुम्ही करत बसू नका, पोरगं तो अंकगणिताच्या सरावाला करतंच. त्याच भरतीत वेगवेगळ्या सत्रांतल्या पेपरांची काठिण्यपातळी जुळवायला गुणांचं सामान्यीकरण झालं आणि २०० पैकी २१४ गुण पडल्याचं यादीत दिसलं. त्यामुळे "पैकीच्या पैकी मिळाले तरी गाफील राहू नकोस" हा आपला पिढीजात सल्ला आता शास्त्रशुद्ध ठरला आहे. बिनधास्त द्या.

संयमही शिकवा. एप्रिल २०२० मध्ये व्हायची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलत ढकलत मार्च २०२१ पर्यंत आली. तीन दिवसांवर असताना पुन्हा पुढे गेली, तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर बसली आणि मग ती २१ मार्चला झाली. अशा वेळी "बघ, उजळणीला वेळ मिळाला" असं म्हणावं. खोलीभाडं आणि मेसचे पैसे पुढे ढकलता येत नाहीत, हे त्याला ठाऊक असतं. तुम्ही आठवण करून द्यायची गरज नाही. दिलीत तरी हरकत नाही म्हणा.

सरकारही मागे नाही. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा. म्हणजे बारावीनंतर तीन वर्षं घासून केलेल्या पदवीची किंमत महिना चार हजार, तीही आधी सहा महिन्यांपुरती, मग वाढवून अकरा. मुदत संपल्यावर हातात येणारा कागद लॅमिनेट करून घ्यायला सांगा. लॅमिनेशनचे पैसे मात्र त्यालाच देऊ द्या, स्वावलंबन येतं.

मुलगी असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही. ती बेरोजगार नसतेच, ती "घरीच असते". पहाटे पाणी भरते, स्वयंपाक करते, आजीची औषधं सांभाळते, भावाच्या मुलाचा अभ्यास घेते, आणि तरीही पाहुण्यांना सांगताना आईच म्हणते, "काही करत नाही." तिला आशा म्हणून एक स्थळ दाखवायचं. स्थळाची पहिली अट असते, मुलगी नोकरी करणारी हवी.

काही लोक मात्र आधाराच्या नावाखाली भलतेच लाड करतात. त्यांच्यापासून पोराला जपा. पुण्याच्या नवी पेठेतल्या अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणारा, एका गुणाने हुकलेला मित्र आपल्या नोट्स याच्यापुढे सरकवतो. एका डब्यात दोघं जेवतात आणि तिसऱ्याला फोनवर सांगतात की पोट भरलंय. चहावाला वहीत लिहितो आणि वही उघडत नाही. भरतीची तयारी करणारा एक जण पहाटे पाच वाजता दार वाजवून याला ग्राउंडवर ओढून नेतो, धावताना अवाक्षर बोलत नाही. एकालाही शिस्त नाही. कुणी विचारतच नाही, पुढे काय ठरवलंयस.

आमच्या एका मावशीने तर कहर केला. भाच्याकडे आली, काहीही विचारलं नाही. पिशवीतून मिक्सर काढला, म्हणाली, "आवाज येतोय बघ याला, बघतोस का जरा?" पोरगं दोन तास स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलं. बऱ्याच महिन्यांनी तो बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर बसला होता. जेवताना आपणहून बोलला, निकालाचं, मित्राचं, झोप न येण्याचं. मिक्सर काही नीट झाला नाही. मावशीने घरी दुसरा घेतलाय असं ऐकतो. पण दर रविवारी ती तो जुना मिक्सर पिशवीत घालते, दोन बस बदलते आणि त्याला दाखवायला घेऊन येते.