आज मी ताटावरून उठून आले

आज चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. पहिला भात वाढून झाला होता, जिलबी यायची होती, आणि समोरच्या रांगेतून काका म्हणाले, "हा देश पाच वर्षं लष्कराच्या ताब्यात द्यायला हवा. सगळे सुतासारखे सरळ होतील." विषय मुंबई-गोवा महामार्गाचा चालला होता. आजूबाजूच्या चार माना डोलल्या. एकजण म्हणाला, "पाच कशाला, एक वर्ष पुरे." मी उठले, हात धुतले आणि रिक्षा करून घरी आले. आई अजून माझ्याशी बोललेली नाही.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. सलूनमध्ये, एसटीत, गणपतीच्या आरतीनंतर. पूर्वी मीही सोडून द्यायचे. आता नाही सोडता येत. ते "एक वर्ष" मी पाहिलं आहे. २०२१ साली मी नोकरीसाठी म्यानमारमध्ये, यांगून शहरात होते, सांचाउंग भागात, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर. त्यांना मी अमे म्हणायचे. बर्मीत अमे म्हणजे आई.

१ फेब्रुवारी, सोमवार. नव्या संसदेची पहिली बैठक त्या दिवशी राजधानी नेपिडोत भरायची होती. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या पक्षाने ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या होत्या. पहाटेच लष्कराने सत्ता हातात घेतली, सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना उचललं. फोन बंद. लष्कराचं म्हणणं, मतदार याद्यांत घोळ आहे. आणि सू चींवर पहिला गुन्हा कसला लावला? बेकायदा आयात केलेले वॉकी-टॉकी घरात सापडल्याचा. लाखो लोकांचं मत एका बाजूला, वॉकी-टॉकी दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता अमे जिना चढून वर आल्या. त्यांच्या हातात ॲल्युमिनियमचं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी एक झाकण. शिमग्याला बोंब मारून आपण इडापिडा घालवतो ना, तशी तिथे भांडी बडवून वाईट शक्ती हाकलायची जुनी रीत आहे. सगळी गल्ली बडवत होती. मीही बडवलं. परक्या देशात असं करावं की नाही, हा विचारसुद्धा मनात आला नाही. पुढे कित्येक रात्री आठ वाजले की तोच आवाज.

पण मला सांगायची आहे ती ८ मार्चची रात्र. महिला दिन होता. काही दिवसांपासून बायका गल्लीगल्लीत दोऱ्या बांधून आपले थामेन, म्हणजे लुंग्या, वाळत घालत होत्या, रस्त्याच्या बरोबर वर. बायकांच्या नेसत्या कपड्याखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं अशी तिथली जुनी समजूत. आयुष्यभर ज्या समजुतीने बायकांना खाली दाबलं, तिचाच त्यांनी बांध घातला. शिपाई काठ्यांनी दोऱ्या काढत, मगच पुढे जात. अमेंनी पेटीतला आपला लग्नातला थामेन काढून दिला होता. सत्तरी ओलांडलेली बाई.

त्या संध्याकाळी पोलीस आणि सैनिकांनी आमच्या भागातले काही रस्ते दोन्ही बाजूंनी अडवले. आत लष्कराविरुद्ध निघालेले सुमारे दोनशे मोर्चेकरी अडकले, बहुतेक कोवळी मुलं. आठची संचारबंदी लागली. घराघराची झडती घेऊ, ज्यांच्याकडे कोणी सापडेल त्यांनाही धरू, असं बाहेर ओरडून सांगत होते. रात्री घरात पाहुणा ठेवायचा तर सरकारदरबारी नोंद करायची, हा जुना नियम फेब्रुवारीतच परत आणला होता. म्हणजे कोणाला दार उघडणं हाच गुन्हा.

अमेंनी दार उघडलं. दोन मुली आत आल्या आणि अमेंनी त्यांना माझ्या स्वयंपाकघरात आणून बसवलं. दिवा बंद. एकीच्या पायात एकच चप्पल होती. निळ्या पट्ट्याची, रबराची. दुसरी पळताना रस्त्यात राहिली असणार, सकाळी त्या रस्त्यावर चपलाच चपला पडल्या होत्या. मी अंधारात त्यांना दुपारचा वरणभात दिला. ती मुलगी उजव्या हाताने जेवत होती आणि डाव्या हाताने ती एक चप्पल धरून होती. मी घेऊ लागले तर सोडेना.

काका, तुम्हाला शिस्त हवी आहे. त्या रात्री खाली रस्त्यावर शिस्त होती. बुटांचा आवाज इतका एका तालात येत होता की अंगावर काटा यायचा.

मान्य आहे, रस्त्याचं काका खोटं बोलत नाहीत. दहा वर्षांहून जास्त काळ तो महामार्ग रखडला आहे, आमच्या ओळखीतली दोन माणसं त्या खड्ड्यांत गेली. राग मलाही येतो. पण तो राग आपण आज पंगतीत बसून मोठ्याने बोलू शकलो. मग जिलबी खाऊ शकलो.

आणि लष्कर आलं की रस्ते होतात, हे कोणी सांगितलं? तिथे १९६२ साली जनरल ने विनने सत्ता घेतली. एके काळी जगाला तांदूळ विकणारा देश तो. १९८७ साली एका फटक्यात २५, ३५ आणि ७५ च्या नोटा रद्द केल्या, बदलूनसुद्धा दिल्या नाहीत. अमेंनी मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे त्यात गेले. त्या नोटांची पुरचुंडी त्यांनी मला दाखवली होती. पुढच्याच वर्षी लोक रस्त्यावर उतरले आणि गोळ्या चालल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. बँका बंद, एटीएमसमोर पहाटेपासून रांगा, पैसे काढायला मर्यादा. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला १,३०० च्या आसपास असलेला च्याट, म्हणजे तिथला रुपया, सप्टेंबरात दोन हजारांच्याही पार घसरला. जागतिक बँकेने म्हटलं की वर्षभरात अर्थव्यवस्था १८ टक्क्यांनी आकसली. ही तुमची सुतासारखी सरळ माणसं.

कोणीतरी खाली लिहीलच, म्हणून आधीच सांगते. हो, सू ची धुतल्या तांदळासारख्या नाहीत. २०१७ मध्ये लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून जास्त रोहिंग्या मुसलमान जीव घेऊन बांगलादेशात पळाले आणि २०१९ मध्ये त्याच बाई हेगच्या न्यायालयात लष्कराची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. ते मला कधीच पटलं नाही. पण त्याची शिक्षा त्या मुलीने का भोगायची, जिच्या पायात एकच चप्पल होती?

आणि हो, आपलं सैन्य तसं नाही. हेही मान्य. पण ते तसं नाही, कारण आपण त्याला कधी गादीवर बसवलं नाही. तिथे २००८ च्या राज्यघटनेनेच संसदेतल्या चौथ्या हिश्श्याच्या जागा लष्कराला लिहून दिल्या होत्या. सीमेवर उभ्या असलेल्या आपल्या पोराला पंगतीत बसून हे असलं काम सांगू नका. तो त्याचा मान नाही.

मंडाले आपल्याला शाळेपासून माहीत आहे. टिळक सहा वर्षं तिथल्या तुरुंगात होते, हे पाचवीतलं पोरही सांगेल. त्याच मंडालेत ३ मार्चला क्याल सिन नावाची १९ वर्षांची मुलगी डोक्यात गोळी लागून गेली. तिच्या टीशर्टवर लिहिलं होतं, सगळं ठीक होईल. आपल्या मंडालेत. मी "आपल्या" असंच म्हणणार.

कारण त्यांचा राजा आपल्याकडे होता. इंग्रजांनी थिबाला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच गेला. त्याच्या पॅलेसवर आपण पाहुण्यांना फिरवतो, थिबा पॉइंटवर भेळ खातो. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्या शंभराव्या पुण्यतिथीला म्यानमारचे लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग रत्नागिरीत आले होते, समाधीपुढे हात जोडून उभे राहिले होते. काकांनी तो ताफा रस्त्यावर उभं राहून पाहिला होता. अजून सांगतात, "काय रुबाब, काय शिस्त!" काका, तोच माणूस. १ फेब्रुवारीला सत्ता घेतली तो तोच. आपल्या गावच्या मातीत परागंदा राजासाठी हात जोडून गेला आणि पाच वर्षांत स्वतःच्याच लोकांना परागंदा केलं.

आणि आपण काय केलं? २७ मार्चला त्यांच्या सैन्यदिनाच्या संचलनात मोजून आठ देशांचे प्रतिनिधी बसले होते, त्यात आपला होता. त्याच दिवशी देशभर शंभराहून जास्त माणसं मारली, त्यात लहान मुलं. मी यांगूनमध्ये होते. मोबाइलचं इंटरनेट केव्हाच तोडलं होतं, ही बातमी मला अमेंनी सांगितली. हळू आवाजात विचारलं, "तुमचा पण होता?" मी काय उत्तर देणार होते? शेजार आहे, चीन आहे, सीमा आहे, ही कारणं मला कळतात. ती मी अमेंना सांगू शकले नाही.

मिझोरमने मात्र लाज राखली. केंद्राने मार्चमध्ये ईशान्येच्या राज्यांना कळवलं होतं की म्यानमारमधून पळून येणाऱ्यांना थोपवा. मिझो लोकांनी आपल्या घरात, चर्चमध्ये, शेतावरच्या खोपटांत त्यांना घेतलं, मुख्यमंत्री झोरामथंगांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. सीमेपलीकडच्या, म्यानमारच्या चिन राज्यातलं थांतलांग गाव सप्टेंबर-ऑक्टोबरात जळालं, तेव्हा अख्ख्या गावाला कुठेतरी जायचंच होतं. हे लिहिताना राग जरा उतरला.

जुलै मात्र लिहवत नाही. करोनाची तिसरी लाट. अमेंचा नातू डॉक्टर होता, फेब्रुवारीपासून लष्कराविरुद्धच्या असहकारात. सरकारी दवाखाने सोडणाऱ्या डॉक्टरांवर वॉरंटं निघाली होती, तो कुठे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, ठाऊक नसलेलंच बरं होतं. अमेंना धाप लागली. ऑक्सिजनसाठी लोक रिकामे सिलिंडर घेऊन रात्र रात्र रांगेत. मीही दोन दिवस उभी होते. तिसऱ्या दिवशी सिलिंडर भरून मिळाला. तोवर उशीर झाला होता. घरात डॉक्टर असून आजी अशी गेली. त्यांचं पातेलं बुडाला चेपलेलं, तसंच ओट्यावर होतं.

सप्टेंबरात मी परत आले.

त्या मुलींचं सांगायचं राहिलं. पहाटे पाचच्या सुमाराला रस्ते मोकळे झाल्याचा निरोप आला. काहींना रात्री धरून नेलं होतं, आमच्या घरापर्यंत कोणी आलं नाही. त्या निघाल्या तेव्हा मी त्या मुलीला माझ्या कोल्हापुरी दिल्या. तिला मोठ्या होत होत्या. जिन्यात तिने ती निळी चप्पल माझ्या हातात ठेवली आणि खाली उतरली. नाव विचारलं नाही, विचारायचं नाही असंच ठरलं होतं सगळ्यांचं. ती जिवंत आहे का, जंगलात आहे का, आयझॉलला कुणाच्या घरी आहे का, मला माहीत नाही. पण चप्पल आहे. आता कपाटातून काढून समोर ठेवली आहे.

आई आत्ता दारात येऊन म्हणाली, काका वयाने मोठे आहेत, उद्या जाऊन माफी माग. जाईन. भरल्या ताटावरून उठले, त्याची माफी मागेन. बाकी कशाची नाही.