मोर दिसतोय, बटण नाही

रविवारी सकाळी सोलापुरात सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो आणि बिलाची शेवटची तारीख होती. कुणाचं बिल ते सांगत नाही, भांडण वाढवायचं नाही. काचबिंदूने नजर गेली त्याला नऊ वर्षं झाली. फोन बोलतो, मी ऐकतो, कामं होतात. त्या दिवशी बिल भरायच्या वेबपानावर मात्र फोनने एकच घोशा लावला होता : ‘अनलेबल्ड, बटण. अनलेबल्ड, बटण.’ म्हणजे बिननावाची बटणं. मोजली, अकरा भरली. त्यातलं एक पैसे भरायचं असणार. एखादं तक्रार नोंदवायचंही असेल, पण तेही मुकंच.

शेजारच्या खुर्चीतला गडी अर्ध्या दाढीचा साबण तसाच घेऊन उठला. “आणा काका, मी सांगतो.”

“पैसे भरायचं बटण कुठाय?”

“मोर आहे बघा.”

“बटण?”

“मोराच्या खाली आपलं सिद्धेश्वर मंदिर. तळ्यासकट. लई भारी फोटो. गेला! चादर आली. थांबा, सरकलालंय... नंदीध्वज आले. परत मोर.”

“अहो, लिहिलंय काय?”

“लिहिलंय की. पांढऱ्यावर पांढरं लिहिलंय. उन्हाकडं धरू का?”

धरला. साबणाचा गोळा फोनवर पडला. बोलका फोन एका टिचकीला नुसतं वाचून दाखवतो, उघडायला दोन टिचक्या लागतात, हे मी सांगेपर्यंत त्याने सहा-सात जागी दाबून पाहिलं होतं. “अडून बसलाय काका, बैलासारखा.” मग दोन टिचक्या बरोबर पडल्या, बिल उघडलं आणि त्याने ते खणखणीत वाचलं, “चारशे बारा रुपये! मागची बाकी धरून!”

न्हाव्याने त्याच क्षणी रेडिओ बारीक केला होता. माझी बाकी ही माझी खासगी गोष्ट आहे. ती आता सलूनभर झाली.

खरं तर हे सगळं कधीच सुटलेलं कोडं आहे. पानावर शीर्षक कोणतं, बटण कोणतं, ही रचना एकीकडे लिहायची आणि रंगरूप दुसरीकडे. होकोन वियुम ली नावाच्या नॉर्वेच्या माणसाने त्यासाठी १९९४ साली सीएसएस ही रंगरूप वेगळं लिहायची भाषा सुचवली, १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद फरक, किमान ४.५ : १ हवा, हेही वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणून केलेल्या नियमांत लिहिलेलं आहे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. इथे मात्र शीर्षक म्हणजे नुसती जाड अक्षरं! डोळसाला ते शीर्षक वाटतं, माझ्या फोनला साधं वाक्य. शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत पान चाळावं, तर उडी मारायला फांदीच नाही. बटणं म्हणजे चित्रं. चित्राखाली ‘बिल भरा’ एवढे दोन शब्द लपवायचे असतात, तेवढे कुणाला सुचले नाहीत. मोर शोधायला वेळ होता.

गडी जकार्ड लूमवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, कामाला. “म्हणजे आमच्यासारखंच की,” तो म्हणाला. “फूल कार्डाच्या भोकांत असतंय, सूत लूमवर. कार्डं बदलली की मोराचं कमळ होतंय, लूम तोच. ह्यांनी काय मोर गोंदानं चिकटवलाय?”

मला त्याला मिठी मारावीशी वाटली, साबण आड आला. आदल्याच दिवशी पान बनवणाऱ्याला मी हेच फोनवर पंधरा मिनिटं सांगितलं होतं. तो म्हणाला, “आमच्याकडे अंध लोक येतच नाहीत हो.” येतील कसे? भिंतीवर दार रंगवून ठेवलंय.

तेवढ्यात वाकडी अक्षरं ओळखायचं चित्र आलं. “सहा... नाही, इंग्लिश बी. का आठ?” न्हावीही वाकून बघायला आला, त्याच्या मते तो शून्य होता. तिघांचं एकमत व्हायच्या आत वेळ संपली. ते मात्र फोनने अगदी स्पष्ट वाचलं. उद्यापासून उशिराचा दंड दहा रुपये, तोही वाचला.

गडी परत खुर्चीत बसला. साबण वाळून गेला होता, न्हाव्याने कुरकुरत नवा फेस केला.

“मोर मात्र झकास होता,” फेसाआडून आवाज आला. “पुढच्या बिलाला बी इथंच या काका. रविवारी मी असतोच.”