मार्क बटलर, आमचा पगार आणि ४६ अंशांचा उन्हाळा

ऑस्ट्रेलियात एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या सेवेत, काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना मार्क बटलर हे नाव माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. २०२३च्या जूनअखेर आमचा पगार १५ टक्क्यांनी वाढला. ती वाढ युनियन्सनी फेअर वर्क कमिशनपुढे, म्हणजे किमान पगार ठरवणाऱ्या इथल्या आयोगापुढे, लढून मिळवली आणि पैसे केंद्र सरकारने दिले. तेव्हा आरोग्य आणि वृद्धसेवा खातं बटलर यांच्याकडे होतं.

या माणसाचे पणजोबा आणि खापरपणजोबा दोघंही साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, होते, तेही उजव्या बाजूचे. हे मात्र ॲडलेडमध्ये सफाई कामगार, हॉटेलात राबणारे, म्हाताऱ्यांची सेवा करणारे यांच्या युनियनचे सेक्रेटरी झाले आणि दहाएक वर्षं त्या पदावर राहिले. २००७ साली पोर्ट ॲडलेडमधून लेबर पक्षाचे खासदार झाले.

२०१३ मध्ये हवामान बदलाचं खातं मिळालं, पण ते जेमतेम अडीच महिने. पक्ष निवडणूक हरला आणि पुढच्याच वर्षी नव्या सरकारने कार्बनवरचा कर रद्द केला. मग सात वर्षं विरोधी बाकांवरून हवामानावर बोलत राहिले. २०१९ला क्वीन्सलंडमध्ये कोळशाच्या मुद्द्यावर पक्षाचं पानिपत झालं. तिथल्या अदानींच्या खाणीवरून किती रान पेटलं होतं, आठवत असेल. त्यानंतर कोळसापट्ट्यातले पक्षाचेच लोक त्यांच्यावर उठले आणि २०२१च्या जानेवारीत हवामान त्यांच्याकडून काढून आरोग्य दिलं. युनियनमधून आलेल्या माणसाला खाणकामगारांच्या नावाने बाजूला सारलं, याची मला आजही चीड येते.

पुढे पक्ष सत्तेत आल्यावर आरोग्यमंत्री म्हणून मात्र त्यांनी घरखर्चाला हात घातला. २०२३च्या सप्टेंबरपासून ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉलसारखी कितीतरी औषधं एका चिठ्ठीवर, एकाच महिन्याच्या पैशांत दोन महिन्यांची मिळू लागली. फार्मसीवाल्यांनी थेट संसदेच्या प्रेक्षक गॅलरीत जाऊन आरडाओरडा केला, तरी हे मागे हटले नाहीत. डिस्पोजेबल व्हेपच्या (वापरून फेकायच्या ई-सिगारेटच्या) आयातीवर बंदी आणली तेव्हाही तसंच. समोरचा गट कितीही मोठा असो, टेबलावरून न उठता बोलणी रेटायची, हे युनियनमध्येच अंगात मुरतं.

२०२३च्याच डिसेंबरमध्ये देशाचं पहिलं राष्ट्रीय आरोग्य आणि हवामान धोरण आलं. ते पुढे नेण्यात तेव्हाच्या सहाय्यक आरोग्यमंत्री गेड कर्नी यांचा वाटा मोठा. त्या मूळच्या नर्स आणि देशातल्या युनियन्सच्या महासंघाच्या माजी अध्यक्ष. भुलीच्या वायूंपासून दम्याच्या इनहेलरपर्यंत, दवाखान्यांतून हवेत काय जातं ते कमी कसं करायचं, उष्णतेच्या लाटेला तोंड कसं द्यायचं, हे सगळं त्यात आहे.

याचं मोल मला कामावर कळतं. २०१९च्या २४ जानेवारीला ॲडलेडचा पारा ४६.६ वर गेला होता. अशा दिवसांत ऐंशी-नव्वदीतल्या माणसांना तहान लागल्याचं कळतच नाही. गोळ्या चालू असतात, त्यातल्या काही लघवी वाढवणाऱ्या. मग दर फेरीला घोटभर पाणी, बर्फाची कांडी, जेली, ओला नॅपकिन मानेवर, कोण किती प्यायलं त्याची वहीत नोंद. हे सगळं नेहमीच्या ठरलेल्या कर्मचाऱ्यांतच करायचं. उन्हाळ्यात रोस्टरवर एक हात जास्त असला की कुणाची तरी इस्पितळवारी टळते.

म्हणूनच मला राग येतो तो इथे. धोरण चांगलं आहे, पण त्याच्यामागे म्हणावा तसा पैसा उभा राहिला नाही. आणि हेच सरकार २०२५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थ वेस्ट शेल्फच्या गॅस प्रकल्पाला २०७० पर्यंत मुदतवाढ देतं. कॅबिनेटमध्ये बटलरही बसतात. हवामानावर ते सात वर्षं बोलले आहेत, गॅस जाळल्याचा हिशोब त्यांना वेगळा समजावायला नको. उष्णतेच्या दिवसांसाठी जादा माणसांचा पगार, एवढी एक ओळ पुढच्या बजेटमध्ये त्यांनी भांडून आणावी. इथल्या युनियनच्या सभासद असलेल्या आपल्या लोकांनी ही मागणी शाखेच्या बैठकीत लेखी मांडा. मी माझ्या बैठकीत मांडणार आहे.