लॅक्रॉस ऑलिंपिकमध्ये ‘पहिल्यांदाच’? तसं नाही

‘लॉस एंजेलिस 2028 मध्ये लॅक्रॉस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच येतोय,’ अशी पोस्ट सध्या फिरते आहे. ती चुकीची आहे. 1904 (सेंट लुईस) आणि 1908 (लंडन) अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायच्या या सांघिक खेळाला पदकं होती आणि दोन्ही सुवर्णं कॅनडानेच नेली. 1928, 1932 आणि 1948 मध्ये तो फक्त प्रदर्शनीय खेळ होता.

सेंट लुईसला कांस्य मिळालं ते उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक आदिवासींच्या संघाला. नोंदींत त्यांची नावं इंग्रजी टोपणनावांसारखी उतरली आहेत. एकाचं तर चक्क ‘साबणाला घाबरणारा’! ज्यांच्या पूर्वजांनी हा खेळ घडवला, त्यांची ही अशी नोंद.

लंडनला संघ दोनच, म्हणजे पहिलाच सामना अंतिम. कॅनडाने ब्रिटनला 14-10 हरवलं. एका कॅनेडियनची काठी मोडली तेव्हा, दुसरी मिळेपर्यंत आपणही बाहेर थांबतो, असं एका ब्रिटिश खेळाडूने सांगितलं होतं.

2028 चा निर्णय मात्र ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या मुंबईतल्या आयओसी (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती) अधिवेशनात झाला, क्रिकेटसोबतच. त्यामुळे आपल्याकडे बाकीच्या खेळांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, हेही खरंच. 2028 चा प्रकार ‘सिक्सेस’, मैदानात प्रत्येकी सहा खेळाडू. महिलांचा लॅक्रॉस मात्र ऑलिंपिकमध्ये खरोखरच पहिल्यांदा पदकांसाठी खेळला जाईल. पोस्टमध्ये तेवढंच लिहिलं असतं तर चाललं असतं.