सात दिवस पाणी मारायचे असतात, रंगवायचे नव्हेत

"नव्या प्लास्टरवर सात दिवसांत रंग, रंगारी सांगणार नाही असे उपाय" हा मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. तो भांडुपला आमच्या ताईकडे पोचला. तिच्या हॉलच्या गळक्या भिंतीचं जुनं प्लास्टर फोडून नवं केलंय. मेसेज वाचून तिने भावोजींना कोळसा आणायला सांगितला, म्हणून हे लिहितेय.

आधी कोळशाचंच. "दारं-खिडक्या लावून खोलीत रात्रभर शेगडी ठेवा, सकाळी भिंत कोरडी." असं कुणीही, कधीही करू नका. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. वन रूम किचनमध्ये शेगडी हॉलमध्ये आणि माणसं आत झोपलेली. मध्ये एक दार, त्याच्याखाली बोटभर फट. एवढी फट पुरते. बरं, भिंत तरी वाळते का? तीही नाही. वरचा थर तापून सुकतो, त्याला केसभर बारीक भेगा पडतात आणि आतली ओल तिथेच राहते.

आता ते सात दिवस. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या, स्पेसिफिकेशनमध्ये सात दिवस आहेत, पण ते प्लास्टर ओलं ठेवण्याचे, आणि तेही किमान. वाळायला सुरुवात त्यानंतर होते. डिस्टेंपर लावण्याआधी नवं प्लास्टर किमान दोन महिने वाळू द्यावं, असंही त्यातच लिहिलंय. इमल्शनसाठी, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिक पेंटसाठी, रंगकंपन्या साधारण 28 दिवस सांगतात. मुंबईत जुलैत हवेतला दमटपणा 80 टक्क्यांच्या वर असतो, तेव्हा 28 दिवसांवरही विसंबू नये.

"पहिला हात ऑइल पेंटचा द्या, ओल आत कोंडली जाते." कोंडली जातेच, आणि वाट लागते ती त्यामुळेच. ताज्या सिमेंटचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणजे त्यात तीव्र क्षार असतो. ओलीबरोबर तो क्षार ऑइल पेंटपर्यंत आला की तेलाचा चक्क साबण होतो. रंग बोटाला चिकट लागतो, मग नखाने सोलून निघतो.

प्रायमरऐवजी पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल? तो लाकडाचा गोंद आहे. ओल्या सिमेंटपुढे टिकत नाही. सिमेंट प्रायमर आणा, विषय संपला.

"पुट्टी ओल्या भिंतीवरही चालते" हे मात्र अर्धं खरं आहे. व्हाइट सिमेंटची पुट्टी लावताना भिंतीवर पाणी शिंपडतातच. पण ते शिंपडणं वाळलेल्या भिंतीवर, वरवरचं असतं. आत मुरलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. आणि "आमच्या बिल्डरने लगेच रंगवून दिलं" म्हणणाऱ्यांचं प्लास्टर बहुधा जिप्समचं असतं. त्याला पाणी मारावंच लागत नाही, वाळलं की रंगवता येतं. आपलं कोणतं आहे, ते मिस्त्रीला विचारा.

भिंत वाळली की नाही हे बघायला दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून घट्ट चिकटवा. 16 तासांनी काढा. आतून थेंब दिसले किंवा तेवढीच भिंत काळपट झाली असेल, तर थांबा. पांढरा खार फुटला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, धुतलात तर तो पाण्यात विरघळून परत आत जातो.

गणपतीत पाहुण्यांना उघडी भिंत कशी दाखवायची, हे ताईचं म्हणणं मला कळतं. तिला म्हटलं, तीन जुन्या भिंती आता रंगवून घे. नवीला प्रायमरही नको. पाऊस नसेल तेव्हा खिडक्या उघड्या ठेव, पंखा चालू ठेव, मखर भिंतीपासून हातभर पुढे मांड. त्याच शेडचा नंबर लिहून ठेव आणि दसरा झाला की प्लास्टिक लावून बघ.