फिरतं चित्र थांबवता आलं पाहिजे

नमस्कार सर,

'आयटीआयची पोरं फोर-स्ट्रोक इंजिनचं अ‍ॅनिमेशन कार्टूनसारखं बघतात आणि पेपरात सक्शन अन् पॉवर स्ट्रोकची अदलाबदल करून येतात. त्यापेक्षा फळ्यावरच्या चार आकृत्या बऱ्या,' ही तुमची तक्रार रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी 2002 साली असे बरेच प्रयोग तपासले. अ‍ॅनिमेशन सरस ठरलं होतं तिथं अनेकदा त्यात स्थिर चित्रापेक्षा माहितीच जास्त घातलेली निघाली. नुसतं हलण्याला मार्क नाहीत.

पण अदलाबदल का होते? स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर किंवा खाली एक धाव. सक्शनला (हवा-इंधन आत ओढताना) पिस्टन खाली येतो, पॉवरलाही (ते जळून पिस्टन ढकलताना) खालीच. फरक व्हॉल्वचा, म्हणजे झडपांचा: सक्शनला इनलेट (आत घेणारा) उघडा, पॉवरला इनलेट आणि एक्झॉस्ट (धूर सोडणारा) दोन्ही बंद. आता नेटवरची फुकटची जीआयएफ बघा. मधोमध भला मोठा पिस्टन, त्यावर केशरी भडका, आणि व्हॉल्व वर कोपऱ्यात जेमतेम सरकतोय. नजर भडक्याकडे जाणारच. त्यात ती न थांबता फिरते, त्यामुळे सुरुवात कुठली तेही कळत नाही.

म्हणून चार स्ट्रोकचं चक्र, म्हणजे क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे) दोन फेरे, दर 180 अंशांवर तोडा. पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वर) किंवा बीडीसीला (सगळ्यात खाली) पोचला की चित्र थांबलं पाहिजे. 'पुढे' दाबल्याशिवाय हलता कामा नये. एका स्ट्रोकला तीन-चार सेकंद द्या. खऱ्या वेगाचा हट्ट नको, 800 आरपीएमला (मिनिटाला 800 फेरे) सेकंदात सहाच्या वर चक्रं होतात! व्हॉल्व हलताना बाकीचं फिकट करा, भडक्याऐवजी छोटी ठिणगी पुरे. (इनलेट टीडीसीच्या आधीच उघडू लागतो, हे खरं. पण ते पुढच्या तासाला.) मेयर आणि चँडलर या संशोधकांनी 2001 मध्ये आकाशात वीज कशी तयार होते यावरचं 140 सेकंदांचं अ‍ॅनिमेशन 16 तुकड्यांत, बटण दाबून दाखवलं. ते दोनदा दाखवलं, तेव्हा दोन्ही वेळा तुकड्यांत बघणाऱ्यांनी डोकं लावायचे प्रश्न दोन्ही वेळा सलग बघणाऱ्यांपेक्षा चांगले सोडवले.

चार स्ट्रोकची एकमेकांशी तुलना करायची तर मात्र तुमचा फळा जिंकतो. अ‍ॅनिमेशनमध्ये मागचं चित्र पुसलं जातं. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक थांब्याचं छोटं चित्र खालच्या पट्टीत ठेवत जायचं. शेवटी चारही शेजारी-शेजारी दिसतात. तीच पट्टी ए-फोरवर छापून भिंतीला लावा, खानापूरकडं लाईट गेली तरी तास अडत नाही.

फळ्याला जमत नाही ते कॅमशाफ्टचं (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याचं) क्रँकच्या अर्ध्या वेगानं फिरणं. क्रँक आणि कॅमच्या गिअरवर एकेक लाल ठिपका द्या आणि हे मात्र सलग चालू द्या: क्रँकचा ठिपका दोनदा वर येतो तेव्हा कॅमचा एकदा.

बेळगाव-निपाणीकडच्या वर्गात मराठी आणि कन्नड पोरं एकत्र असतात, म्हणून चित्रावर नावं लिहू नका. 1, 2, 3 आकडे घाला आणि आवाज दोन भाषांत वेगळा ठेवा. बोललेलं वाक्य पडद्यावर पुन्हा लिहिलं की डोळे वाचण्यात अडकतात, व्हॉल्व हुकतो.

पॉवरपॉइंटमध्ये करणार असाल तर प्रत्येक स्ट्रोकची सुरुवात 'ऑन क्लिक' ठेवा. 'आफ्टर प्रीव्हियस' राहिलं तर चारही स्ट्रोक एका दमात पळतील.